उकिरड्यापासून लांबची पऱ्हाटी

मी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, बोलतेय, बाभुळगावजवळच्या धर्मपालच्या वावरातली. उभी राहून राहून थकले बाई आता.

२०१७ च्या जूनमध्ये त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, सरकी मातीत टोबली तेव्हा मी केवढीशी होते! लोकांना वाटतं, झाड माती खाऊन वाढतं. छे हो! माझं बहुतेक अंग हवापाण्याचं. पानांच्या बारीक छिद्रांतून हवा घ्यायची, मुळांनी पाणी ओढायचं आणि उन्हाच्या जोरावर दोन्हींची साखर करायची. त्याच साखरेच्या लडी गुंफून बोंडातला धागा होतो.

पण पानाच्या हिरवेपणाला मातीतलं नत्र लागतं, चिमूटभर मॅग्नेशियमही लागतं. आमच्या वावरात वर्षानुवर्षं कापूसच. माती देणार काय, कपाळ! ऐन बोंडं धरताना मी खालच्या पानांतलं काढून वरच्या कोवळ्या पानांना दिलं. खालची पानं लाल पडली.

धर्मपाल घाबरला. "लाल्या आला वं! दुकानदार म्हणते कीड हाये. फवारा लागते."

"अवो, उकिरड्यापाशची पऱ्हाटी हिरवीगार हाये," रुखमाबाई म्हणाली. "किडीले तिथं जायले भेव वाट्टे काय? शेणखत पाह्यजे हिले."

"तुले काय समजते!"

पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा, वारा समोरून. तीन दिवस तो कीडनाशक फवारत होता. मी आजारी नाही रे बाबा, उपाशी आहे, हे मी सांगणार कशी? चौथ्या दिवशी तो माझ्याच पायाशी ओकत पडला. दवाखान्यात जीव वाचला, पण डोळ्यांपुढचं धुकं काही गेलं नाही. फार वाईट वाटतं हो. माझ्यासाठीच फवारत होता ना!

काल रुखमाबाईचा हात धरून तो आला.

"अजून लालच हाये का वं?"

"नाई. हिरवी होऊन राह्यली."

त्यानं चाचपडत माझं उरलेलं एकुलतं एक पान धरलं. ते बोटांत चुरलं.

"उपाशीच होती न थे? तू सांगत होती."

रुखमाबाईनं पदरानं त्याच्या बोटांवरचा चुरा पुसला.

उद्या मला उपटून चुलीत घालतील. घाला. हवेतून घेतलेलं हवेत जाईल. राख तेवढी याच वावरात टाका, ती मातीची आहे. आणि पुढच्या साली पानं लाल दिसली, तर पंप उचलण्याआधी रुखमाबाईला विचारा. आता या घरात पान बघणारे डोळे तिचेच आहेत.