चिनी शेवयांची कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मंठ्याच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले. १९५१ साली मुकुंदरावांनी मला विकत घेतले आणि जालन्याच्या घरी आणले.

मुकुंदराव पूर्वी कलकत्त्याला नोकरीला होते. तिथल्या चिनी खानावळीत लांब शेवया भाज्यांबरोबर मोठ्या आचेवर परततात, असे ते पत्नीला, उमाबाईंना, सांगत. उमाबाईंनी तसल्या शेवया कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी उन्हाळ्यात घरी वळलेल्या गव्हाच्या शेवया उकळत्या पाण्यातून काढल्या, माझ्यात लसूण, कोबी आणि पातीचा कांदा परतला, आणि ताटात लिंबू पिळले.

सासूबाई द्वारकाबाई म्हणाल्या, "दुधातल्या शेवया सोडून हे काय करून राह्यली? चीनचे पाव्हणे येणार हायेत का?"

दुसऱ्यांदा वाढून घेतले ते मात्र त्यांनीच.

उमाबाई मला कधी राखेने घासत नसत. गरम पाण्याने धूत, चुलीवर कोरडी करत आणि तेलाचे बोट फिरवत. हळूहळू माझ्या अंगावर काळा, तुकतुकीत थर चढला. शेवया त्यावरून अलगद घसरत.

१९५९ च्या दिवाळीनंतर उमाबाईंनी अंथरूण धरले. पेजसुद्धा घशाखाली उतरेना. एके दिवशी त्यांनी मुलीकडे, रजनीकडे, चिनी शेवया मागितल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी काही खायला मागितले होते.

आजारी माणसाचे भांडे लख्ख असावे, म्हणून रजनीने राख आणि विटेची पूड घेऊन मला पांढरी होईपर्यंत घासले. इतकी चकचकीत मी लोहाराकडेही नव्हते. शेवया टाकल्या, त्या माझ्या अंगाला चिकटल्या आणि करपल्या. त्यांना सोडवणे माझ्या हातात नव्हते.

रजनी रिकाम्या हाताने आईजवळ जाऊन बसली. उमाबाईंनी मला खाटेशी मागवले, माझ्यावरून बोटे फिरवली आणि त्यांना सगळे कळले. त्या रागावल्या नाहीत.

"तेल लाव, तापव, परत लाव," त्या म्हणाल्या. "जल्दी करू नको. मी थांबते."

तीन दिवस रजनी मला तेल चोळून तापवत राहिली. तीन दिवस उमाबाई साखरपाण्यावर होत्या. चौथ्या दिवशी नव्याने परतलेल्या शेवया न चिकटता सुटल्या. उमाबाईंनी चार घास खाल्ले.

"मीठ बराबर आहे," त्या म्हणाल्या.

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या.

मित्रांनो, घरातली कढई काळी दिसली तर तिला मळकी समजू नका. त्या काळेपणात कोणाची तरी वर्षे असतात. घासायला घेण्याआधी, तिच्यात रोज रांधणाऱ्या माणसाला विचारा. ते माणूस घरात आहे तोवर विचारा.