छत्रीवाल्याचा पाठलाग

बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत परीक्षेला कॉपी करणारी मुलं पकडली होती. त्यामुळे बेटावरच्या त्या शहरात पाऊल ठेवल्यापासून त्या कुणावरच विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. एकाच गल्लीत चार लिप्यांतल्या पाट्या, निरनिराळ्या वळणाचे चेहरे. त्यांची वहिनी मात्र लग्नघरात आल्यासारखी सगळ्यांकडे बघून हसत होती. आयुष्यभर पाळणाघर चालवलेलं. तिला परकं असं कुणी वाटतच नसे.

"वहिनी, मागे बघू नकोस. निळी छत्री. धक्क्यापासून मागे लागलाय."

"अहो वन्सं, रस्ता काय आपल्याच मालकीचा आहे?"

"बोटीतून उतरल्यावर हाच ओरडत होता ना?"

"फेरीवाला असेल."

"मग विकायला हातात काही नको?"

दोघी कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वळल्या. छत्रीही वळली. त्या थांबल्या, तर तो समोरच्या दुकानाशी थांबला.

"बघ, चपला बघतोय. त्याही बायकांच्या!"

दोघी पादचारी पूल चढून पलीकडे उतरल्या. पाच मिनिटांत तोही धापा टाकत हजर. आता वहिनीचंही हसू मावळलं. तिनं खांद्यावरची काळी पिशवी छातीशी धरली. "आज ही एवढी जड का लागतेय कोण जाणे."

"दमलीस. चल आत."

बाईंनी तिला एका शिंपिणीच्या दुकानात ओढलं. मागोमाग तो आत आला.

"काय पाहिजे?" बाई मराठीतच कडाडल्या. शब्द कळले नाहीत तरी सूर कळला. त्यानं छत्री मिटली, वहिनीच्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि भडाभडा बोलू लागला. गळ्यात टेप अडकवलेली शिंपीण ऐकत राहिली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईंना म्हणाली, "हा म्हणतो, चोर तुम्ही आहात."

"आम्ही?"

त्यानं खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. तशीच काळी, तसाच पट्टा. आत वहिनीचं विणकाम आणि दोघींचे पासपोर्ट! वहिनीनं घाईघाईनं आपल्याजवळची पिशवी उघडली. प्लॅस्टरच्या जड साच्यांशेजारी, मऊ कापडात ठेवलेल्या तीन कवळ्या तिच्याकडे बघून हसत होत्या.

तो दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर. बोटीच्या बाकावर पिशव्यांची अदलाबदल झाली होती. धक्क्यावर त्यानं हाका मारल्या, तर या दोघी आणखी भराभर चालू लागल्या. पळतो तो चोर, असं त्यानं धरलं.

"मग पोलिसांकडे का नाही गेला?" बाईंनी विचारलं.

शिंपिणीनं विचारून सांगितलं, "म्हणतो, वयस्कर बायका. उगाच आळ नको. आधी जातात कुठे ते बघू."

बाईंचा चेहरा उतरला. वहिनी मात्र खुदकन हसली आणि तिचं बघून तोही. तरी पिशवी उचलण्याआधी त्यानं एकेक कवळी उजेडात धरून तपासली आणि बाईंनी दोन्ही पासपोर्टांचं पान न् पान. कुणालाच त्याचा राग आला नाही. एक म्हातारी सकाळपासून पेजेवर बसलीय, असं सांगून तो घाईनं निघाला.

"माफ करा हं," बाई त्याच्या पाठीला म्हणाल्या.

मग त्यांनी शिंपिणीकडून लाल चिंधी मागून घेतली, वहिनीच्या पिशवीला दोन गाठी मारून बांधली आणि तरीही गल्ली संपेपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.