चहाच्या कपातली कोशू

मी कोशू बोलतेय, जपानमधल्या कात्सुनुमा गावची पांढरी वाइन! घाईघाईत बोलले तर सांभाळून घ्या, आज आनंदानं माझा जीव बाटलीत मावत नाहीये.

माझा जन्म यासुहेई आमेमियांच्या मळ्यातला. मांडवाला लटकलेले गुलाबीसर घड, आणि पावसानं कुजू नयेत म्हणून एकेका घडाला कागदाची टोपी. अशा हजारो टोप्या यासुहेई स्वतःच्या हातांनी बांधायचे. तोंडानं मात्र कुरकुर चालूच. "वर बघून बघून मान मोडायची वेळ आली!"

त्यांच्या लेकीनं, चिगुसानं, मला आंबवलं, गाळलं आणि साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भल्यामोठ्या बाटलीत भरलं. आमच्याकडे घरची वाइन अशीच भरतात. भरल्यावर तिनं बाटलीला कान लावला होता. काय ऐकू आलं कोण जाणे, पण मला गुदगुल्या झाल्या.

एक दिवस यासुहेई म्हणाले, "या हिवाळ्यात वेल तोडून टाकू. खायची द्राक्षं लावू. तुझ्या वाइनला गावाबाहेर कुत्रं विचारत नाही."

"कोफू शहरातले मोचिझुकी येतायत रविवारी. त्यांनी त्यांच्या सुशीच्या दुकानात ठेवली तर, बाबा?"

"ठेवली तर बघू."

झालं! माझ्या आईवेलींचा जीव त्या एका माणसाच्या जिभेवर येऊन ठेपला.

तो रविवार म्हणजे आज. पाहुण्यांना आपण गावठी वाटू नये म्हणून चिगुसानं उंच काचेचे पेले काढले, मला बर्फात गारठवलं आणि सोबत उग्र वासाचं फ्रेंच चीज मांडलं. त्या चीजपुढे माझा आवाजच निघेना. मोचिझुकींनी घोट घेतला.

"छान आहे. पाण्यासारखी हलकी."

चिगुसाचा चेहरा पडला. मला तर बाटलीसकट जमिनीत शिरावंसं वाटलं.

"पाणी?" यासुहेई ताडकन उठले. "माझ्या द्राक्षांना पाणी म्हणता? चिगुसा, ते चीज उचल आधी. ओल्या मोज्यांचा वास येतोय!"

त्यांनी आमचे रोजचे जाड मातीचे चहाचे कप आणले. वाळवलेला बांगडा शेगडीवर भाजला, वर लिंबू पिळलं, शेजारी खारवलेला मुळा ठेवला. मला कपात ओतलं आणि म्हणाले, "मोचिझुकीसान, दोन्ही हातांत धरा. थोडी ऊब मिळू दे तिला."

अहाहा! अंगातला गारठा उतरला आणि माझा सुगंध मोकळा झाला. माशाच्या खारट तेलकटपणात मी सूर मारला, लिंबाला मिठी घातली आणि शेवटी माझा तो बारीकसा कडवटपणा जिभेवर सोडला. मोचिझुकी खातच सुटले. एक घास, एक घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट.

"दुसऱ्या वाइनसोबत मासा वशट लागतो," ते अखेर म्हणाले, "हिच्यासोबत गोड लागतोय! शंभर बाटल्या द्या मला."

"कुठल्या देऊ? यंदाच्या गावातच संपल्या," यासुहेई ऐटीत म्हणाले. "आता पुढच्या वर्षी."

चिगुसाचा कप ओठांपाशीच थांबला. "बाबा, काय म्हणालात?"

यासुहेईंच्या तोंडून ते नकळत निघून गेलं होतं. ते माशाचा काटा काढत पुटपुटले, "ऐकलंस ना? टोप्या बांधायला या खेपेला तूही यायचंस."

चिगुसा रडली, हसली आणि तिनं मला शेवटच्या थेंबापर्यंत तिघांच्या कपांत वाटून टाकलं. मी निघाले, मंडळी! माझ्या धाकट्या बहिणी येतील तेव्हा त्यांना बर्फात कोंडू नका, आणि एखादा भाजलेला मासा सोबतीला नक्की द्या.