दोन व्हीनसांमधली उघडी

बाल्दो व्यापाऱ्याच्या बायकोला, त्या कसांद्राला, मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. नाक वर, जीभ बाहेर. तिच्या शयनगृहासाठी माझा नवरा लापो एक चित्र रंगवत होता. विहिरीच्या काठावर दोन व्हीनस, प्रेमाच्या देवी, एक उघडी, एक निळ्या रेशमात. झाकलेलीला कसांद्राचा चेहरा. उघडी मी. घरात फुकटची बायको असताना चितारी बाहेरची कशाला शोधेल?

माझी दोन्ही बाळं गेली. मागे नाव घेणारं कुणी नाही. म्हणून मी एवढंच मागितलं होतं, की चित्रात माझा चेहरा राहू द्या. "राहील गं," लापो म्हणाला होता.

चित्र बघायला कसांद्रा आली, सोबत त्यांच्या घरचे पंडित उगुच्चो. चित्रात मला बघून ती म्हणाली, "शी! अख्ख्या फ्लॉरेन्ससमोर उघडी! लाज विकून खाल्लीस का गं?"

"तुमच्याच नवऱ्यानं मागवलीय," मी म्हटलं.

उगुच्चो घसा खाकरून म्हणाले, "बाईसाहेब, गैरसमज होतोय. उघडी आहे ती स्वर्गातली प्रीती. देवापुढे आत्मा असाच उभा राहतो, त्याला वस्त्र लागत नाही. झाकलेली ती मातीतली, संसारातली."

मी फिस्सकन हसले. हसायला नको होतं, पण राहवेना. बाई निळाई मिरवत होत्या आणि निघाल्या मातीच्या!

कसांद्रा लालबुंद झाली. "म्हणजे ही रंग कुटणारी स्वर्गात आणि मी चिखलात? लापो, तिचं थोबाड खरवडून टाक. तिथं माझं घाल."

"आणि अंग?" मी विचारलं. "तेही स्वतःचं देणार की माझंच वापरणार?"

"अंगाला कोण विचारतंय!"

मी लापोकडे पाहिलं. "अहो, शब्द दिला होता तुम्ही मला." तो कुंचला पुसू लागला. उगुच्चो मात्र म्हणाले, "आत्म्याला चेहऱ्याचा मोह नसतो, बाई."

"मग तुमचा खरवडू का?" मी म्हटलं. मेला, पुस्तकं वाचून अक्कल गहाण टाकलेला!

ते गेल्यावर लापोनं पातं घेतलं. मी समोरच उभी राहिले, म्हटलं, करा माझ्यादेखत. त्यानं तोंड सोडलं, कपाळ सोडलं, आधी दोन्ही डोळे खरवडले.

"डोळेच का आधी?"

"तू बघत होतीस ना," तो म्हणाला.