याओ शेठच्या मेजावरची चकती

मी एक जुनी फिरती चकती आहे. मित्रांनो, चकती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल कोण जाणे, म्हणून आधीच सांगून टाकते. मोठ्या गोल मेजाच्या मधोमध लाकडी तबकडी ठेवतात ना, ती मी. जेवणाची सगळी भांडी माझ्यावर मांडतात. ज्याला जे हवे असेल त्याने मला बोटाने ढकलायचे आणि ते आपल्यापुढे आणायचे. कुणाला उठायला नको की कुणापुढे हात पसरायला नको. तैवानात आमच्यावाचून पंगत बसत नाही. मला मन नाही असे लोक समजतात. हल्ली मीही तसेच समजते. त्याने बरे पडते.

एका देवळाच्या दुरुस्तीतून उरलेल्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले. माझ्या पोटाखाली दोन लोखंडी कड्या आणि त्यांच्यामध्ये सायकलचे चोवीस छर्रे बसवले. याओ शेठने छत्र्यांचा कारखाना काढला त्याच वर्षी मी त्यांच्याकडे आले. तेव्हा चाळीस माणसे कामाला होती आणि दुपारी चार मेजे मांडावी लागत. मी पहिल्या मेजावर असे. नव्याने कामाला आलेला माणूस मला फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "काय सुरेख फिरते हो!" ते ऐकून मला बरे वाटायचे. तेव्हा वाटायचे.

रोजचे जेवण तर माझ्यावर होतच असे, पण कुणाचेही सुखदुःख आधी माझ्यावर येई आणि मग जगाला कळे. बाओचूताई नावाची बाई छत्रीच्या काड्यांना कापड टाचायची. तिच्या मुलाला महिना झाला तेव्हा तिने लाल रंगवलेली अंडी आणली आणि ती माझ्यावर अशी घरंगळली की जेवण राहिले बाजूला, सगळे अंडी पकडत सुटले. कुणाचा वाढदिवस असला की डुकराच्या पायांचा रस्सा आणि लांबलचक शेवया येत. शेवई तोडायची नाही, नाहीतर आयुष्य तुटते म्हणे. तिएनफू हा कापड बेतणारा कारागीर. तो शेवईचे एक टोक तोंडात धरून खुर्चीवर उभा राहायचा. बाओचूताई ओरडायची, "फूदादा, उतरा खाली! आयुष्य वाढवायच्या नादात तंगडी मोडून घ्याल!"

तिएनफूची जागा ठरलेली होती. शेठच्या बरोबर समोर, दाराकडे पाठ. बत्तीस वर्षे तो तिथेच बसला.

मग माझे दिवस फिरले. एका उन्हाळ्यात कुणीतरी मला नळीच्या पाण्याने धुतले आणि तशीच भिंतीला टेकवून ठेवले. रात्रभर पाऊस लागला. कड्या गंजल्या, तीन छर्रे कुठेतरी पडले आणि माझी एक बाजू खचली. तेलाचा एक थेंब कुणाला सुचला नाही. तेव्हापासून माझ्यावर जड भांडे ठेवले की मी हळूहळू त्या खचलेल्या बाजूला सरकत जाते. ती बाजू नेमकी तिएनफूकडे यायची. तो हसायचा. "आली बघा माझी लाडकी. सगळ्यांत मोठा मासा मलाच आणून देते."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात प्रत्येक मालक आपल्या माणसांना जेवण देतो. त्याला वेईया म्हणतात. त्यात अख्खी कोंबडी वाढतात, डोक्यासकट. जुन्या काळी मालकाला नव्या वर्षात एखाद्याला कामावरून काढायचे असले की तो तोंडाने काही बोलत नसे. कोंबडीची चोच त्या माणसाकडे करून ताट ठेवायचे, बस्स. माणूस समजून जायचा, जेवण उरकायचा आणि नव्या वर्षी यायचा नाही. ज्याला कुणालाच काढायचे नाही तो भला मालक चोच आपल्याकडे करतो.

याओ शेठ भले होते. दरवर्षी ते चोच स्वतःकडे वळवत. पण मी सरकणारी, म्हणून पहिला पेला संपेपर्यंत ते माझ्या कडेवर बोट दाबून बसत. सगळे त्यांची थट्टा करत. "शेठ, बोट उचलू नका हां! उचललंत की आमच्यातला एक घरी!" शेठ दुसऱ्या हाताने ज्वारीची दारू ओतत आणि म्हणत, "मुकाट्यानं प्या रे. माझं बोट बधिर झालंय."

पुढे स्वस्त छत्र्या बाहेरून येऊ लागल्या. चार मेजांची तीन झाली, दोन झाली, शेवटी एक उरले. नऊ माणसे. त्या हिवाळ्यात तिएनफूच्या हातून दोनशे छत्र्यांचे कापड आखूड बेतले गेले. त्याचे डोळे अधू झाले होते, पण चष्म्याचे नाव काढले की तो चिडायचा. सगळा माल वाया गेला. शेठ त्याला एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते, असे तिएनफू बाओचूताईला म्हणाल्याचे मी ऐकले. त्यातच नव्या वर्षात माणसे कमी होणार अशी कुजबुज उठली. कुणी उठवली ते देव जाणे.

अशात वेईया आला. दुपारची वेळ. झिंगे, मुळ्याच्या वड्या, बांबूचे कोंब आणि शेवटी कोंबडी. शेठने चोच आपल्याकडे वळवली आणि बोट ठेवले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. माल घेणारा कुणी व्यापारी होता. नीट ऐकू येईना म्हणून ते "हां हां, बोला," करत उठले आणि अंगणात गेले. बोट गेले.

मी सरकले. मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करायची सोय मला कुठे आहे? हळूहळू सरकत मी थांबले तेव्हा चोच तिएनफूच्या बरोबर समोर होती. एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी हसले नाही. आठजण आपापल्या वाटीत बघत राहिले. मग बाओचूताईने मला जोरात ढकलले आणि म्हणाली, "अगं बाई, झिंगे इकडे येऊ द्या की!" शेठ परत आले तोवर कोंबडी भलतीकडेच होती. त्यांनी उभ्याउभ्या पेला उचलला. "चला, रिकामा करा सगळ्यांनी!" तिएनफूनेही केला. तो पोटभर जेवला. एक विनोदसुद्धा सांगितला त्याने. मग उरलेले आठ दिवस रोज कामावर आला. शेवटच्या दिवशी त्याने आपले कापड कापायचे मशीन तेल घालून पुसले, कात्री फडक्यात गुंडाळून घेतली आणि गेला.

नव्या वर्षातला कामाचा पहिला दिवस उजाडला, दारात काम सुरू झाल्याचे फटाके वाजले, तो आला नाही. शेठ दहा वाजेपर्यंत रस्त्याकडे बघत उभे होते. मग आत आले आणि त्याच्या मशीनवर कापड टाकले. त्यांनी तिएनफूचे नाव घेणेच सोडले. बाकीच्यांना वाटले, काढलेल्या माणसाचे नाव कोणता मालक घेईल? आणि शेठला वाटले, बत्तीस वर्षांचा माणूस न सांगता गेला, त्याचे नाव आपण का घ्यावे? रोज दुपारी हे दोन्ही गैरसमज माझ्याभोवती बसून जेवत. मला सगळे ठाऊक होते. मला काहीच वाटले नाही. वाटायला हवे होते, एवढे मात्र कळत होते.

वर्ष गेले आणि पुन्हा वेईया आला. तिएनफूच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हते, पण ती हलवलीही नव्हती. शेठने पहिला पेला संपवला, बोट काढले. मी आपली सवयीने सरकले आणि चोच रिकाम्या खुर्चीपुढे थांबली. शेठला थोडी चढली होती.

"बघा, त्यालाच शोधतेय," ते म्हणाले. "गेला तो गेला. एका शब्दानं सांगितलं नाही मला. बत्तीस वर्षं!"

बाओचूताईने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "शेठ, काय बोलताय? तुम्हीच काढलंत ना त्यांना?"

"मी? मी कधी काढलं?"

"गेल्या वर्षी. चोच त्यांच्याकडे होती."

"चोच माझ्याकडे होती! बोट ठेवलं होतं मी!"

"मग फोन आला," बाओचूताई म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलात."

 शेठचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा झाला. मग त्यांनी माझ्यावरची ताटे एकेक करून खाली उतरवली. मला उचलले. "बाओचू, चल. स्कूटरवर मागं बस आणि हिला धर."

"अहो, प्यायलाय तुम्ही! स्कूटर मी चालवते. तुम्ही बसा मागं."

तर अशी वरात निघाली. बाओचूताई पुढे, शेठ मागे, आणि त्यांच्या पोटाशी मी. तिएनफू घरी एकटाच असतो. दार उघडले तेव्हा टीव्ही चालू होता आणि मेजावर शेवयांची वाटी होती. तो म्हणाला, "शेठ? आज वेईया ना? मेज सोडून कसे आलात?"

शेठने वाटी सरकवली, मला मेजावर ठेवले. बाओचूताईने माझी खचलेली बाजू बरोबर तिएनफूकडे केली. शेठने त्याची किटली उचलून माझ्या कडेवर ठेवली, तिची तोटी आपल्याकडे वळवली आणि हात काढून घेतला.

मित्रांनो, आयुष्यात एकदाच मी घाबरले. कड खचल्यापासून मी हजारदा नको तेव्हा सरकले होते. आता अडकले तर?

पण मी सरकले. किटली डुलत डुलत फिरली आणि तोटी तिएनफूसमोर थांबली.

"पुन्हा," तिएनफू म्हणाला.

शेठने पुन्हा केले. मी पुन्हा सरकले.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा तोटी त्याच्यापुढे थांबली तेव्हा तो खुर्चीवर बसला.  मग म्हणाला, "ही सरकते हे मला काय ठाऊक नव्हतं? मीच तिला लाडकी म्हणायचो. पण त्या दिवशी आठवलंच नाही, शेठ. ती दोनशे छत्र्यांची भीती आधीच येऊन बसली होती."

"अरे, मग विचारायचं की मला!"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

 बाओचूताई रडत होती, आणि रडता रडता चिडत होती. "आम्ही आठजण होतो तिथं. आठजणांना ठाऊक होतं ही सरकते ते. एकानं तरी तोंड उघडलं का? मीसुद्धा नाही. झिंगे मागत बसले मेली मी!"

"तुझं मशीन झाकून ठेवलंय, तिएनफू," शेठ म्हणाले. "कुणालाही बसवलं नाही त्यावर. चल. चष्मा मी करून देतो."

तिएनफूने नकारार्थी मान हलवली. "राग नाही माझा. राग यायला हवा होता, तोही येत नाही. वर्षभर रोज सकाळी उठून मी स्वतःला समजावलं, की तू आता नकोसा आहेस, गप बस. शेवटी समजलं मला. आता ते समजलेलं पुसायचं म्हणजे फार काम आहे, शेठ. तेवढी वर्षं नाहीत माझ्याकडे."

शेठ पुष्कळ बोलले. बाओचूताईने हात जोडले. तिएनफूने दोघांना चहा दिला, दारापर्यंत सोडले आणि म्हणाला, "हिला राहू द्या इथं."

म्हणून मी आता त्याच्या घरी असते. त्याने माझ्या कड्या घासल्या, तेल दिले, नवे छर्रे घातले. मी आता सरळ फिरते, कुठेही ठेवले तरी थांबते. पण माझ्यावर असते एक वाटी आणि एक किटली, आणि ती एकट्या माणसाला हात लांबवूनही मिळतात. त्याला मला फिरवावे लागत नाही. नव्या वर्षात कारखाना उघडायच्या पहिल्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आठला कारखान्याकडून फटाके ऐकू आले. तो मेजापाशी बसून राहिला, ते संपेपर्यंत. मग शर्ट काढून खुंटीला लावला.

रविवारी कधीकधी शेठ येतात. दोघे जेवतात. बोलतात हवापाण्याचे.

मित्रांनो, घरातल्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल द्या, त्यांना पावसात टाकू नका, हे मी सांगणारच. वस्तू आहे मी, वस्तूंचीच बाजू घेणार. पण माझी कड खचली त्याने फार तर एक कोंबडी भलतीकडे वळली. तिएनफूचे वर्ष माझ्यामुळे नाही गेले. ते गेले, कारण मेजाभोवती नऊ माणसे होती आणि त्यांनी सगळे बोलणे त्या मेलेल्या कोंबडीवर सोपवले. तिची चोच शिजलेली होती. तुमचे तोंड शाबूत आहे, तोवर विचारा.