जुनं द्या, नवं घ्या

व्हॅक्यूम क्लीनरच्या झाकणाखाली पूर्वी एक काळी रबरी रिंग असायची. दिसायला अगदीच क्षुल्लक. ती रिंग तडकली आणि हातोडीमास्तरांच्या घरात श्वास घ्यायची पंचाईत झाली.

मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. आयुष्यभर दारोदार फिरून मशीनं विकणारा माणूस. हातोडीमास्तर हे नाव कंपनीतल्या पोरांनी कौतुकाने ठेवलेलं, आणि मास्तरही ते इतकी वर्षं कौतुकानेच मिरवत आले होते.

त्यांच्या बायकोची फुप्फुसं अधू झाली होती. घराखाली सुताराचा कारखाना. दिवसभर करवत चालायची आणि पिठासारखा बारीक भुसा जिन्यातून, खिडक्यांच्या फटींतून वर यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, की औषधं मी देतो, पण घरात धूळ राहिली तर त्या औषधांचा काडीचा उपयोग नाही. घर बदला, असंही म्हणाले. डॉक्टरांना म्हणायला काय जातंय! फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. गादी, पडदे, खुर्च्यांवरचं जाड कापड कसं पुसणार? तिथे मशीनच हवं, आणि तेही गिळलेली धूळ पोटात ठेवणारं.

तसं मशीन मास्तरांकडे होतं. कंपनीचं अगदी पहिलं मॉडेल. लोखंडी पिंप, वर झाकण, दोन बाजूंना दोन दणकट खिट्ट्या. खिट्ट्या दाबल्या की झाकण त्या रबरी रिंगवर असं बसायचं की आत गेलेल्या धुळीची बाहेर यायची बिशाद नव्हती. उचलताना कंबर धरायची, हे खरं. पण बिघडलं तर चार स्क्रू काढून कोणालाही आत हात घालता यायचा. आता रिंग तडकली आणि मशीन चालू केलं की झाकणाच्या कडेने धुळीचा फवारा उडायला लागला. मास्तरांनी चिकटपट्टी लावून पाहिली. सायकलची ट्यूब कापून बसवली. ती मोटरच्या उष्णतेने मऊ पडली आणि सगळा फवारा बायकोच्या गादीवर बसला. त्या दिवशी तिला जी उबळ लागली, ती पाहून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग कंपनीचं नवंकोरं मशीन आणायचं, त्यात काय एवढं, असं कोणीही म्हणेल. मास्तरांनी आणलंही होतं. पण नव्या मशीनची गोष्ट न काढलेलीच बरी.

तरी काढतोच. पहिल्या मॉडेलनंतर दुसरं आलं, त्यात लोखंड जाऊन प्लास्टिक आलं. म्हणे हलकं हवं. ठीक. तिसऱ्यात स्क्रू गेले आणि सगळे सांधे डिंकाने चिकटवून टाकले, म्हणजे आत काय चाललंय ते देवाला ठाऊक. चौथ्यात जाड रिंग जाऊन तिथे कागदासारखी पट्टी आली, पाचव्यात पट्टीही गेली. त्याऐवजी पुढे निळा दिवा आला. पोट पारदर्शक झालं, धूळ आत गरगर फिरताना दिसावी म्हणून. लोक ती गंमत बघत बसायचे आणि मागच्या जाळीतून तीच धूळ चाळून, बारीक करून परत खोलीत येतेय, हे कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. आवाज मात्र वाढवला होता, कारण जेवढा आवाज मोठा तेवढं मशीन दांडगं, अशी गिऱ्हाइकाची समजूत. दुसऱ्या कंपन्यांनीही हाच धडा गिरवला. बाजारभर नुसते निळे दिवे.

हे सगळं मास्तरांच्या डोळ्यांदेखत झालं आणि दर मॉडेलला मास्तर म्हणाले, "याच्यासारखं मशीन झालं नाही!"

आता हातोडीचं. जुनी मशीनं काही केल्या मरेनात, म्हणून कंपनीने योजना काढली: जुनं द्या, नवं घ्या. नियम असा, की जुनं मशीन गिऱ्हाइकासमोर तिथल्या तिथे मोडायचं. झाकणावर हातोडी घालायची, रिंग कापायची, वायर छाटायची, म्हणजे गिऱ्हाईक मागे फिरायला नको आणि सुटे भाग कोणाच्या हाती लागायला नकोत. बाकीच्यांना ते जमायचं नाही. चांगलं चालतं मशीन फोडताना हात कचरतो माणसाचा. मास्तर मात्र बाही सरसावून, गिऱ्हाइकाला हसवत, एका घावात झाकण चेपायचे. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी जुनी मशीनं वेचून वेचून संपवली. बक्षिसं मिळवली. स्वतःच्या घरातलं मात्र राहिलं होतं, कारण बायको आडवी आली. "माझ्या मशीनला हात लावाल तर खबरदार," असं तिने बजावलं होतं.

तेव्हा त्यांना हसू आलं होतं. आता ते एका रिंगसाठी वणवण फिरत होते.

आधी कंपनीच्या गोदामात गेले. गोदामवाला त्यांचा जुना दोस्त. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "मास्तर, थट्टा करताय काय? ती रिंग तुम्हीच तर संपवलीत."

"अरे, एखादी पडली असेल कुठे कोपऱ्यात. बघ तरी."

"सगळं भंगारात गेलं. तुमच्या हातून सुटलेलं मशीन मी तरी पाहिलं नाही बुवा." तो हसला. मास्तरांना हसता आलं नाही. चहा तसाच ठेवून ते उठले.

मग जुन्या गिऱ्हाइकांची दारं. एका दारात विचारलं, तर आतली बाई म्हणाली, "अहो, तुम्हीच नाही का फोडलंत आमच्या अंगणात? मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या." दुसऱ्या घरी म्हातारा शिंपी होता. त्याने नवं मशीन दाखवलं, तेही बंद पडून कपाटावर चढलेलं. "उघडतच नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात जन्मभर चालेल." मास्तर मान खाली घालून जिना उतरले. प्रत्येक गल्लीत त्यांना कुठलं ना कुठलं झाकण आठवत होतं आणि प्रत्येक झाकणाखाली एक धडधाकट रिंग होती.

घरी बायको उशा रचून बसलेली असायची. आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. ओठांना निळसर छटा आली होती. ती काही मागत नव्हती, कुरकुर करत नव्हती. तेच मास्तरांना सहन होत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून ते तिचा श्वास ऐकायचे. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. हिला आपण गमावणार, हा विचार मनात आला की ते पुन्हा चपला चढवून रिंग शोधायला निघायचे.

शेवटी त्यांना शाळेतल्या बाई आठवल्या. निवृत्त होऊन जमाना झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मास्तरांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांना दाद न देणारं हे एकच गिऱ्हाईक. जेव्हा जेव्हा योजना घेऊन गेले तेव्हा तेव्हा बाईंनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. मास्तरांनी ठरवलं, की आज खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पाय धरायचे. बायको मरतेय म्हणून सांगायचं. नाहीच ऐकलं तर दारात बसून राहायचं. सवयीने नवं मशीन आणि हत्यारांची पेटी मात्र बरोबर घेतली होती.

दार उघडताच बाई म्हणाल्या, "वा! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमचा नंबर शोधत होते."

"माझा?"

"या, बसा आधी. जिंकलात तुम्ही. घेऊन जा ते माझं धूड."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. कोपऱ्यात ते उभं होतं. लोखंडी, पुसून लख्ख ठेवलेलं, खिट्ट्यांना तेल दिलेलं. झाकणाखालून रिंगची काळी कड दिसत होती, कुठेही चीर नाही. 

"माझी भाची येतेय राहायला," बाई सांगत होत्या. "कायमचीच. तिचं बाळ आहे, नुकतंच रांगायला लागलंय. आता रोज गालिचा झाडायला हवा, आणि मला काही हे उचलवत नाही. मनगटं गेली माझी. तुमचं ते नवीन हलकं आहे ना?"

"हलकं आहे," मास्तर म्हणाले. हे तरी खरं होतं.

"आणि धूळ? डोळे अधू झालेत माझे, मला काही दिसत नाही आताशा. म्हणून तुम्हाला विचारते. इतक्या वेळा मी तुम्हाला परत पाठवलं, पण तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाहीत. बाळाला चालेल ना हे? खरं सांगा."

मास्तरांनी गालिच्याकडे पाहिलं. मशीनच्या मागची जाळी जिथे जमिनीलगत फुंकते, तेवढ्याच उंचीवर रांगणाऱ्या पोराचं नाक असतं. खरं सांगितलं, तर बाई म्हणणार, मग राहू दे बाई आपलं जुनंच, भाची उचलेल. आणि ते बरोबरच होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. पाठ करून आलेलं सगळं, बायकोचं दुखणं, रिंग, पाय धरणं, ओठांपर्यंत आलं.

"याच्यासारखं मशीन झालं नाही, बाई," ते म्हणाले.

आवाज जराही कापला नाही. इतक्या वर्षांची सवय.

बाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला. नव्या मशीनवरून हात फिरवला, निळा दिवा लावून बघितला. मग एकदम गंभीर झाल्या. "आता तुम्ही त्याला हातोडी घालणार ना? शेजारी घातली होतीत, मी ऐकलं होतं. माझ्यासमोर नको हो. मला बघवणार नाही. मी आत जाते."

त्या आत गेल्या, दार लोटून घेतलं. मास्तरांनी पेटी उघडली. हातोडी काढली. समोर धडधाकट मशीन, मागे लोटलेलं दार. मास्तरांनी पेटीचं लोखंडी झाकण काढून जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावर हातोडी मारली. आतून बाईंचा "अगं आई गं!" ऐकू आला. मास्तरांनी अजून दोन घाव घातले, नीट खात्री पटावी म्हणून. मग मशीन पोत्यात गुंडाळलं आणि नव्याची वायर कशी लावायची ते बाईंना नीट, दोनदा समजावून दिलं.

निघताना बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "फार उपकार झाले हो," त्या म्हणाल्या.

घरापर्यंत ते धूड त्यांनी कसं आणलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. जिन्यात दोनदा टेकले. पाठीत कळ आली, ती त्यांना बरी वाटली.

बायकोने पोत्यातून निघालेलं पिंप पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "कुठे मिळालं?"

मास्तर जगभर थापा मारू शकत होते, पण बायकोसमोर त्यांची जीभ उचलत नसे. ती म्हणजे वाण्याकडून चुकून नाणं जास्त आलं तर उन्हातान्हात परत देऊन येणारी. त्यांनी सगळं सांगितलं. बाई, भाची, नवं मशीन, पेटीच्या झाकणावर मारलेले घाव. काही लपवलं नाही. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, गादीच्या शिवणीकडे बघत होते.

"बाळ केवढं आहे?" तिने विचारलं. तीन शब्द बोलतानाही तिला मध्ये थांबावं लागलं.

"रांगतंय."

तिने नजर खिडकीकडे वळवली. खाली करवत चालू झाली, बंद झाली, परत चालू झाली. खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात भुसा तरंगत होता. मास्तर वाट बघत उभे राहिले. आता ती म्हणेल, आत्ताच्या आत्ता परत देऊन या. तिने म्हटलं असतं तर ते निघाले असते, पाठ मोडली तरी. तिने म्हणावं असंच त्यांना वाटत होतं, कारण आपण होऊन ते परत न्यायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. लग्न झाल्यापासून घरातलं बरं-वाईट तिनेच ठरवलं होतं.

तिने मान वळवून मशीनकडे पाहिलं. मग बाळाबद्दल आणखी काही विचारायचं असावं तसे तिचे ओठ हलले, पण शिट्टीखेरीज काही बाहेर आलं नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "आधी माझ्या गादीवरून फिरवा."

मास्तरांनी तिला हात धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि मशीनची वायर लावली.