सैनूचा शॉट

सैनू पुंगाटी पडदा म्हणून टांगलेल्या चादरीतून खाली उतरला आणि म्हणाला, "भात आहे का?" माझ्या माहितीपटात तो बांबू सोलतो. शॉट चालू असेपर्यंत तो खाली राहू शकतो, संपला की परत चादरीत. नियम तसा सोपा आहे.

आमची पद्धत अशी, की शेवटची कापाकापी करायच्या आधी फिल्म गावाला दाखवायची. म्हणून भरदुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना गोणपाटं लावली होती. सैनूला कुणी नेलं, हे गावात कुणी बोलत नाही. जंगलातले म्हणतात पोलिसांनी, पोलीस म्हणतात जंगलातल्यांनी.

"काहून रे, वाळला किती?" त्याची आई मंगरीबाई म्हणाली.

"कॅमेऱ्यात बारीकच दिसते माणूस."

सगळे खो खो हसले. शेजारची तानीबाई वाढायला उठली.

मी तोच शॉट पुन्हा पुन्हा लावत राहिले. संकलक आहे मी, दुसरं येतं काय मला! हळू लावला तर सैनूचा घास तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा बायकांनी मला शिव्या घातल्या. काय मजा चालली होती! फक्त दर वेळी चादर हातभर पुढे सरकत होती. मागच्या रांगेची पाठ भिंतीला लागली.

"तुला नेलं कोणी?" मंगरीबाईनं विचारलं.

"माझ्या शॉटात ते नाहीत, माय. त्यांचा लावा."

त्यांचा शॉट होता माझ्याकडे. आमचा कॅमेरामन कॅमेरा चालू ठेवूनच पाणी प्यायला गेला होता, त्यात ते आले होते. मी तो बाजूला ठेवला होता. भीती वाटत होती, स्पष्टच सांगते. लावला की तेही उतरणार, बंदुकांसकट.

"नको ताई," मागून कुणीतरी म्हणालं. "लेकरं आहेत इथं."

मंगरीबाईनं माझं मनगट धरलं. "लाव व बाई. गावातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघून बघून थकली मी."

तानीबाईनं आणखी पत्रावळी मांडल्या. "येतील तर जेवतील. उपाशी माणूस जास्त चिडते." पुन्हा हशा.

मी लावला. चादर आमच्या गुडघ्यांना टेकली. तिघं उतरले, तोंडाला फडकी, कपडे इतके चिखलाचे की कुठल्या बाजूचे ते कळू नये. पहिल्यानं बंदूक भिंतीला टेकवली, पत्रावळीसमोर मांडी घातली आणि जेवायला म्हणून फडकं खाली ओढलं. नाक, हनुवटी थेट तानीबाईची.

तानीबाई त्याच्या भातावर वरण वाढत होती.

"पुरे, माय," तो तिला म्हणाला.

ती ओततच राहिली. वरण पत्रावळीबाहेर आलं, जमिनीवरून मंगरीबाईच्या पायांपर्यंत गेलं, आणि मंगरीबाईनं पाय मागे घेतले नाहीत.